क्रौंच आणि कोंचबक

(नभोवाणीवरील भाषण)



एका पक्ष्याच्या नांवाविषयीं इतका वेळ काय बोलावयाचें, असें आपणांपैकीं कित्येकांच्या मनांत येईल. परंतु तें नांव साधें नव्हे. त्या नांवाच्या पक्ष्याच्या मरणांतून आपल्या देशांतील आदिकाव्य जन्मास आलें, अशी आपली परंपरा आहे. आणि तो पक्षी नेमका कोणता असें विचारलें, तर महाराष्ट्रांत एक उत्तर मिळतें, बंगालमध्यें दुसरें, पंजाबांत तिसरें, आणि इंग्रज पंडितांच्या ग्रंथांत चौथें. त्या पक्ष्याचें नांव क्रौंच.

या विषयाकडे मी वळलों तो विद्वत्तेमुळें नव्हे. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. हयात गेली ती मुलांना मराठी शिकविण्यांत. वाल्मीकीची गोष्ट मीं वर्गांत किती वेळां सांगितली असेल याची गणती नाहीं. प्रत्येक वर्षीं कोणी तरी विचारी, “गुरुजी, क्रौंच म्हणजे काय?” आणि मी ठरलेलें उत्तर देऊन पुढें जाईं, “एक प्रकारचा बगळा.” एके वर्षीं मागच्या बांकावरील एक मुलगी उभी राहून म्हणाली, “पण गुरुजी, आमच्या शेतांत बगळे पुष्कळ येतात. एक मेला तर दुसरा रडत नाहीं, उडून जातो.” मीं तिला खालीं बसविलें. तास संपावयास थोडाच अवकाश होता आणि धडा पुरा करावयाचा होता, हें कारण मीं त्या वेळीं मनाशीं दिलें. खरें कारण असें कीं, मला उत्तर येत नव्हतें. शेतकऱ्याची ती पोर आपल्या डोळ्यांनीं पाहिलेलें सांगत होती, आणि मी पुस्तकांतलें, तेंहि अर्धवट.

प्रसंग आपणां सर्वांस ठाऊक आहे. नारदाकडून रामचरित्र ऐकून वाल्मीकि आपला शिष्य भरद्वाज याजबरोबर तमसा नदीवर स्नानास जातो. तेथें क्रौंचाचें एक जोडपें रमलेलें असतें. निषाद बाण मारून त्यांतील नराला पाडतो, मादी आक्रोश करूं लागते, आणि ऋषीच्या मुखांतून शापवाणी बाहेर पडते ती छंदोबद्ध. शोकाचाच श्लोक झाला, असें म्हणतात तें यावरून. आपल्याकडे वाल्या कोळ्याची कथा घरोघर सांगतात, बंगालमध्यें दस्यु रत्नाकराची सांगतात, माणूस तोच.

कोशांत पाहूं म्हटलें तर तेथें निराशा पदरीं येते. जुन्या टीकाकारांना पशुपक्ष्यांचीं नांवें आलीं कीं ‘पक्षिविशेष’ असा एक सोईस्कर शब्द सांपडलेला असे. पक्षिविशेष म्हणजे कोणता तरी पक्षी. येवढें तर वाचकाला आधींच कळलेलें असतें! मीं वर्गांत दिलेलें ‘एक प्रकारचा बगळा’ हें उत्तर त्याच घराण्यांतलें. इंग्रज पंडितांनीं निदान नांव घेण्याचें धाडस केलें. ग्रिफिथ यांनीं १८७० ते १८७४ या काळांत रामायणाचें इंग्रजी पद्यांत भाषांतर केलें, त्यांत क्रौंचाला त्यांनीं ‘कर्ल्यू’ म्हटलें आहे. मोनियर-विल्यम्स यांच्या १८९९ च्या संस्कृत कोशांतहि तोच अर्थ दिला आहे. कर्ल्यू म्हणजे लांब, खालीं वांकलेल्या चोंचीचा, हिंवाळ्यांत आपल्या खाड्यांच्या आणि समुद्राच्या कांठीं चिखल टोचीत फिरणारा पाहुणा पक्षी.

आतां बंगालची गोष्ट. आमच्या नागपुरास रेल्वेमुळें बंगाली कुटुंबें फार दिवसांपासून आहेत. १८८७ सालीं बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली तेव्हांपासूनची ही वस्ती. माझ्या शेजारीं असेंच एक कुटुंब होतें. त्यांच्या घरांतील म्हाताऱ्या आजी पूर्व बंगालमधील एका खेड्यांत वाढलेल्या. मला त्या ‘मास्टरमोशाय’ म्हणत. एकदां बोलतां बोलतां क्रौंचाचा विषय निघाला, तेव्हां त्यांनीं क्षणाचाहि विलंब न लावतां सांगितलें, “क्रौंच म्हणजे आमचा कोंचबक. प्रत्येक तळ्याच्या कांठीं असतो. त्यालाच कानीबक म्हणतात.” आणि मान आंखडून, एक डोळा मिटून, तो पक्षी पाण्याकडे कसा पाहत बसतो याची त्यांनीं नक्कलहि करून दाखविली. घरांतलीं मुलें हंसूं लागलीं.

कोंचबक म्हणजे आपला वंचक. कोणी त्याला ढोकरीहि म्हणतात. तळें, डबकें, भाताचें खाचर, जेथें थोडें पाणी आणि चिखल असेल तेथें हा मातकट रंगाचा, जेमतेम हातभर लांबीचा बगळा निश्चल बसलेला असतो. चिखलांत चिखलाच्या रंगाचा, त्यामुळें दिसतच नाहीं. पाय पडावयाचा बाकी राहिला कीं एकदम उडतो, आणि उडतांना त्याचे पंख अगदीं पांढरे शुभ्र दिसतात. अगदीं जवळ जाईपर्यंत हालत नाहीं म्हणून हिंदींत त्याला आंधळा बगळा म्हणतात आणि बंगालींत काणा. वास्तविक त्याच्याइतका डोळस पक्षी विरळा. आपल्या लोकांनीं दिलेलें ‘वंचक’ हें नांव मला अधिक समर्पक वाटतें.

आजींचें उत्तर केवळ खेड्यांतलें उत्तर नव्हतें. बंगाली कोशांतहि क्रौंच या शब्दापुढें कोंचबक हाच अर्थ दिलेला सांपडतो. बंगालच्या कोशकारांविषयीं मला फार आदर आहे. शांतिनिकेतनांतील अध्यापक हरिचरण बंद्योपाध्याय यांनीं १९०५ सालीं आपल्या ‘बंगीय शब्दकोषा’स आरंभ केला, आणि त्याची छपाई पुरी झाली ती १९४६ सालीं, एका शिक्षकानें एका कोशासाठीं किती आयुष्य वेंचावें! आणखी एक स्मरण येथें देण्यासारखें आहे. श्रीरामपूरच्या विल्यम केरी यांनीं १८१० सालीं मराठी भाषेचा कोश मोडी टाइपांत छापला, आणि पुढें बंगालीचाहि मोठा कोश केला. हुगळीच्या कांठीं बसून एकच मनुष्य मराठी आणि बंगाली शब्द शेजारीं शेजारीं लावीत होता.

कोंचबक हें क्रौंचाचें भाषांतर आहे काय? पाहूं गेल्यास तें भाषांतर नाहींच. तो मूळ शब्दच आहे, झिजलेला. संस्कृत क्रौंच, पाली कोंच, त्यावरून बंगाली कोंच. आरंभींच्या ‘क्र’मधील रकार गळाला, ‘औ’चा ‘ओ’ झाला, आणि मधलें अनुनासिक स्वराच्या नाकांत जाऊन बसलें. आपल्याकडे पंचचें पांच आणि दंतचें दांत झालें तसेंच हें. बंगाली माणूस त्या अनुनासिकासाठीं चंद्रबिंदु देतो आणि उच्चारतोहि. आपण टिंब द्यावयाचें कीं नाहीं यावर वाद घालतों. पुढें ‘बक’ जोडला तो जात सांगण्यासाठीं. एक गंमत अशी कीं, मासे टोंचण्याच्या अनेक टोंकांच्या भाल्यालाहि बंगालींत कोंच म्हणतात. चोंचीनें मासा टोंचणारा म्हणून हा बक कोंचबक, असें एखाद्या कोळ्यास वाटलें तर त्याला हंसूं नये. पण पक्ष्याचें नांव आलें तें क्रौंचापासूनच.

याप्रमाणें शब्दाचें कुळ सरळ उतरलें. अडचण पक्ष्याची आहे. शब्द वंशपरंपरेनें चालत आला म्हणून त्याचा धनीहि तोच राहिला, असें म्हणतां येत नाहीं. पंजाबांत याच शब्दाचें ‘कूंज’ झालें, आणि तेथें कूंज म्हणजे वंचक नव्हे. हिंवाळ्यांत मध्य आशियांतून रांगा करून येणारा, राखी रंगाचा, डौलदार लहान करकोचा. आपल्या मराठींतील ‘करकोचा’ या शब्दाच्या शेवटीं क्रौंचाचाच कांहीं अवशेष उरला असावा, अशी माझी एक अटकळ आहे. ती अटकळच समजावी. कोल्हा आणि करकोचा यांची गोष्ट लहानपणीं ऐकल्यामुळें आपल्या मुलांच्या मनांत करकोचा म्हणजे उंच मानेचा, लांब चोंचीचा पक्षी हें चित्र पक्कें असतें. तेंच चित्र मीं क्रौंचाच्या वेळीं त्यांच्यापुढें ठेविलें असतें तरी बगळ्यापेक्षां बरें झालें असतें.

मग वाल्मीकीचा क्रौंच कोणता? येथें रामायणच साक्षीस बोलवावें. प्रचलित पाठांत त्या जोडप्याविषयीं तीन गोष्टी सांगितल्या आहेत. त्यांचा आवाज गोड आहे. नराचें मस्तक तांब्याच्या रंगाचें आहे. आणि तीं दोघें प्रणयांत रमलेलीं आहेत. या तीन खुणा हातांत घेऊन एकेका उमेदवाराकडे जाऊं.

कर्ल्यू आणि कूंज हे दोघे हिंवाळी पाहुणे. त्यांची वीण आपल्या देशांत होत नाहीं. तीं घरटीं दूर उत्तरेकडे घालतात. तमसेच्या कांठीं प्रणयांत रमावयास ते थांबत नाहींत. शिवाय कर्ल्यूच्या डोक्यावर तांबडें कांहीं नसतें, आणि कूंजाच्याहि नसतें.

वंचक येथलाच, वीणहि येथेंच. पण त्याचा आवाज म्हणजे एक कर्कश ‘क्वाक्’. तो गोड म्हणावयास कवीला फारच उदार व्हावें लागेल. विणीच्या दिवसांत त्याच्या पाठीवर जांभळट तांबूस रंग चढतो हें खरें. डोकें मात्र पिंवळसरच राहतें. आणि हे बगळे झाडावर पुष्कळ घरटीं एकत्र करून, इतर बगळ्यांच्या गोंगाटांत राहतात. नदीकांठीं एकटें राहणारें, सर्वांच्या डोळ्यांत भरणारें जोडपें तें नव्हे. माझी विद्यार्थिनी म्हणाली त्यांत तथ्य होतें.

राहिला सारस. उभा राहिला तर माणसाच्या खांद्यास, कधीं डोक्यासहि लागणारा. अंग राखी, आणि मस्तक व मानेचा वरचा भाग तांबडा. भारताच्या मैदानी प्रदेशांत वीण करणारा करकोच्याच्या कुळांतला हा एकच पक्षी. पावसाळ्यांत उथळ पाण्यांत गवताचा ढीग रचून त्यावर बहुधा दोन अंडीं घालतो, आणि नर व मादी दोघेंहि तीं उबवितात. जोडपें आळीपाळीनें आणि एकत्र साद घालतें. ती साद मैलभर ऐकूं जाते. जोडी शक्यतों जन्मभर टिकते. गंगायमुनेच्या प्रदेशांत आजहि हा पक्षी शेतकऱ्यांच्या शेजारीं राहतो, आणि उत्तर प्रदेशाचा तो राज्यपक्षी आहे. तमसा वाहते ती त्याच मुलखांत. ज्युलिया लेस्ली या विदुषीनें १९९८ सालीं या प्रश्नावर एक विस्तृत निबंध प्रसिद्ध केला आणि वाल्मीकीचा क्रौंच म्हणजे सारसच असा निर्णय दिला. मला तो पटतो.

सारसाच्या जोडप्याचें प्रेम ही केवळ कवींची कल्पना नव्हे. बादशहा जहांगीर हा पशुपक्ष्यांचा मोठा सूक्ष्म निरीक्षक होता. त्यानें सारसांचें एक जोडपें बाळगलें होतें, त्यांचीं नांवें लैला आणि मजनूं. त्यांचा समागम, अंडीं घालणें, दोघांनीं तीं कशीं उबविलीं, पिलें कशीं निघालीं, हें सर्व त्यानें आपल्या आत्मवृत्तांत एखाद्या दिनचर्येप्रमाणें टिपून ठेविलें आहे. वाल्मीकीचें काव्य त्याच्यापुढें होतें असें नाहीं. पण पक्षी तोच होता.

येथें एक आक्षेप येतो, आणि तो टाळणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. अमरकोशांत क्रौंच, बक आणि सारस हीं तीन नांवें पाठोपाठ पण निरनिराळीं दिलीं आहेत. क्रौंच म्हणजेच सारस असता तर अमरसिंहानें दोन खातीं कां उघडलीं? आक्षेप बळकट आहे. माझें समाधान असें कीं, सारस या नांवाचा मूळ अर्थ ‘सरोवरांतला’ येवढाच आहे. कमळांचीं तळीं ज्याला प्रिय तो सारस. तें नांव रहिवासावरून पडलें. क्रौंच हें नांव पडलें आवाजावरून. एकाच पक्ष्याला एक नांव तो कोठें राहतो म्हणून आणि दुसरें तो कसा ओरडतो म्हणून मिळावें, आणि पुढें कोशकारांनीं दोन नांवांचे दोन पक्षी करावे, हें अशक्य नाहीं. जातां जातां सांगतों, अमरानें सारसाच्या मादीचें नांव लक्ष्मणा असें दिलें आहे. रामायणाचा विषय निघाला असतां हें नांव भेटावें याची मौज वाटते.

आवाजाचा पुरावा तर फारच बोलका आहे. पाली ग्रंथांत हत्तीच्या चीत्काराला ‘कोंचनाद’ म्हणतात. हत्तीच्या तुतारीशीं ज्याच्या आवाजाची बरोबरी व्हावी, तो पक्षी वंचक असणें शक्य नाहीं. आपल्या संगीतशास्त्रांतहि मोरापासून षड्ज आणि कोकिळेपासून पंचम सांगतांना मध्यम स्वर क्रौंचाचा मानला आहे. परंतु त्याच पालींत, धम्मपदांत, एक निराळें चित्र आहे: मासे संपलेल्या डबक्यांत खंगत बसलेले म्हातारे कोंच. तारुण्यांत कांहींच न मिळविलेल्या माणसांची उपमा त्यांना दिली आहे. डबक्याच्या कांठीं माशाची वाट पाहत बसणारा हा पक्षी मात्र सारसापेक्षां बगळाच अधिक दिसतो. म्हणजे नांव एका पक्ष्यावरून दुसऱ्यावर घसरूं लागलें तें बंगालच्या कोशकारांनीं नव्हे. फार जुन्या काळींच.

आणखी मागें गेलें तर यजुर्वेदांत ‘क्रुंच्’ या पक्ष्याला पाण्यांतून दूध वेगळें काढून पिण्याचें सामर्थ्य दिलेलें आहे. पुढें ही ख्याति हंसानें नेली आणि आपल्या नीरक्षीरविवेकाच्या म्हणींतून क्रौंच कायमचा बाहेर पडला. बिचाऱ्याच्या नशिबीं आपली वस्तु दुसऱ्यास देणेंच आहे! महाभारतांत युद्धाच्या दुसऱ्या दिवशीं पांडवांनीं क्रौंचव्यूह रचला, मेघदूतांत हंस ज्या खिंडीनें मानसाकडे जातात ती क्रौंचाची, सात द्वीपांतलें एक द्वीप क्रौंचाचें. नांव सर्वत्र आहे, आणि पक्षी विचारला तर पक्षिविशेष.

बंगालमध्यें हें कसें घडलें असेल, याचा मीं माझ्यापुरता विचार केला आहे. खालच्या बंगालच्या तळ्याखळ्यांच्या प्रदेशांत सारस हा रोजच्या पाहण्यांतला पक्षी नव्हे. कथा मात्र तेथें घरोघर गेली. कथेबरोबर नांव आलें, आणि ऐकणाऱ्या बाईनें खिडकींतून बाहेर पाहिलें. तळ्याच्या कांठीं जो होता, त्याला तिनें तें दिलें. यांत अज्ञान आहे असें मी म्हणणार नाहीं. तिला क्रौंच आपल्या अंगणांत हवा होता.

साहित्यिकांनीं मात्र मोठ्या चतुराईनें मूळ शब्दच ठेविला. रवींद्रनाथांनीं १८८१ सालीं वयाच्या विसाव्या वर्षीं ‘वाल्मीकिप्रतिभा’ हें संगीतनाट्य लिहिलें आणि त्यांत वाल्मीकीची भूमिकाहि स्वतःच केली. त्यांत हा प्रसंग आहे. आणि त्या क्षणीं वाल्मीकीच्या मुखांतून बंगाली गाणें निघत नाहीं, मूळचा संस्कृत श्लोकच निघतो. त्याचें भाषांतर करण्याचें त्यांनीं टाळलें, हें मला फार अर्थपूर्ण वाटतें. आपल्याकडे वि. स. खांडेकर यांनीं १९४२ सालीं आपल्या कादंबरीस ‘क्रौंचवध’ हें नांव दिलें. ‘सारसवध’ म्हटलें असतें तर ती शिकारीची गोष्ट वाटली असती, आणि ‘बगळ्याचा वध’ म्हणण्याची तर कल्पनाच करवत नाहीं. तेव्हां काव्यांत क्रौंचाचें भाषांतर क्रौंच हेंच ठेवावें, आणि टीप द्यावयाची तर सारसाची द्यावी. बंगाली अनुवादकानें कोंचबक हा शब्द तळ्यावरच्या पक्ष्यासाठीं राखून ठेवावा. तेथें तो शोभतो.

हें सर्व मीं शेजारच्या आजींना सांगितलें होतें. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें आणि म्हणाल्या, “असेल, मास्टरमोशाय, तुमचा सारस असेल. पण आमच्या गांवीं सारस नव्हता. मग आम्हीं लहानपणीं कोणासाठीं रडावयाचें?” याला माझ्याजवळ उत्तर नव्हतें.

महाराष्ट्रांत सारस आतां फार थोडे उरले आहेत. गोंदिया, भंडारा या भाताच्या आणि तळ्यांच्या मुलखांत कांहीं जोडपीं आहेत. सेवानिवृत्तीनंतर एका पावसाळ्याच्या अखेरीस मी मुद्दाम गोंदियाकडे गेलों. सकाळीं धुकें होतें. प्रथम कांहींच दिसेना, नुसती साद ऐकूं आली. एकानें आरंभ केला आणि दुसऱ्यानें ती तोडून पुरी केली. मग धुकें विरळ झालें आणि भाताच्या बांधाजवळ तीं दोघें उभीं असलेलीं दिसलीं, तांबड्या माथ्याचीं. बरोबरच्या शेतकऱ्यास मीं विचारलें, “यांतला एक मेला तर?” तो माझ्याकडे पाहूं लागला. “असें कशाला बोलतां, गुरुजी,” तो म्हणाला, आणि बैल घेऊन पुढें गेला.